भ्रमणध्वनी प्रणालीतील खुलेपणाचे स्वरूप : अँड्रॉइडच्या हनीकोंब व आइस्क्रीम सँडविच आवृत्त्यांच्या संदर्भात विवेचन

सारांश

अँड्रॉइड ही भ्रमणध्वनी संचाची ऑपरेटिंग सिस्टीम मुक्त स्रोत तत्त्वावर आधारलेली असल्याचे सर्वत्र मानले जाते. तथापि २०११ मध्ये या प्रणालीच्या ३.० म्हणजे हनीकोंब आवृत्तीचा सोर्स कोड प्रसिद्ध न करण्याचा निर्णय गूगलने घेतला. त्यानंतर येऊ घातलेल्या ४.० म्हणजे आइस्क्रीम सँडविच आवृत्तीबाबत उत्सुकतेइतकीच साशंकताही निर्माण झाली. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाच्या आधारे प्रणालीच्या खुलेपणाचे परवाना, कालावधी, निर्णयप्रक्रिया व संलग्न सेवा असे चार स्तर स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर भारतीय शिक्षणक्षेत्राच्या व मराठी भाषेच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व विशद केले आहे.

बीजसंज्ञा : मुक्त स्रोत, सोर्स कोड, परवाना, अँड्रॉइड, हनीकोंब, आइस्क्रीम सँडविच, देवनागरी

१. प्रास्ताविक

संगणकशास्त्रात ‘मुक्त’ हा शब्द जितका प्रचलित आहे, तितकाच तो संदिग्धही आहे. सर्वसामान्य व्यवहारात ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः या दोन संकल्पनांत मूलभूत भेद आहे. मोफत मिळणाऱ्या प्रणालीसाठी पैसे मोजावे लागत नाहीत एवढेच. मुक्त प्रणालीचा सोर्स कोड मात्र कोणालाही वाचता येतो, अभ्यासता येतो, गरजेनुसार बदलता येतो आणि बदललेल्या स्वरूपात इतरांना देता येतो. अन्नछत्रात जेवण मोफत मिळते, पण तेथील स्वयंपाकाची कृती हाती येईलच असे नाही. मुक्त प्रणालीत ही कृतीच हाती दिली जाते.

अँड्रॉइड या दुसऱ्या प्रकारात मोडते, असा दावा तिच्या जन्मापासून केला गेला. हा दावा कितपत खरा आहे, याची पहिली मोठी कसोटी २०११ मध्ये लागली. त्या वर्षीच्या घटनांकडे आज मागे वळून पाहण्याचे कारण असे की, २०२५ मध्ये याच प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले आहे.

२. पार्श्वभूमी

अँड्रॉइड इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी अँडी रुबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्थापन केली. २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी ३४ कंपन्यांच्या ‘ओपन हँडसेट अलायन्स’ या संघाची घोषणा करण्यात आली. भ्रमणध्वनी संचांचे उत्पादक, सेवा पुरवठादार व चिप निर्माते यांचा या संघात समावेश होता. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत या प्रणालीवरील पहिला संच विक्रीस आला आणि त्याच महिन्यात प्रणालीचा सोर्स कोडही प्रसिद्ध करण्यात आला.

त्यानंतर कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो, जिंजरब्रेड अशा खाद्यपदार्थांची नावे धारण करणाऱ्या आवृत्त्या इंग्रजी वर्णक्रमाने येत गेल्या. नवी आवृत्ती गूगलच्या अंतर्गत तयार व्हावी, एखाद्या निवडक उत्पादकाच्या संचावर ती प्रथम यावी आणि त्या सुमारास तिचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला व्हावा, अशी पद्धत रूढ झाली. नवी आवृत्ती म्हणजे नवा सोर्स कोड, हे समीकरण लहान उत्पादकांच्या व अभ्यासकांच्या मनात पक्के बसले होते.

ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी अँड्रॉइडच्या खुलेपणाच्या दाव्यावर जाहीर टीका केली. रुबिन यांनी ट्विटरवरून तिला उत्तर दिले. प्रणालीचा सोर्स कोड उतरवून घेऊन तो स्वतःच्या संगणकावर बांधण्यासाठी लागणाऱ्या आज्ञा एवढाच त्या उत्तराचा मजकूर होता. या आज्ञा कोणीही देऊ शकतो, हाच खुलेपणाचा अर्थ, असे त्यांना सुचवायचे होते. पुढे पाच महिन्यांतच अशी वेळ आली की, त्या आज्ञा देऊनही अँड्रॉइडची सर्वांत नवी आवृत्ती हाती येत नव्हती.

३. हनीकोंबचा निर्णय

एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड बाजारात आला आणि टॅब्लेट या उपकरणाला मोठी मागणी निर्माण झाली. अँड्रॉइडच्या तोवरच्या आवृत्त्या भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यासाठी रचलेल्या होत्या. मोठ्या पडद्याचा विचार करून हनीकोंब ही आवृत्ती तयार करण्यात आली. फेब्रुवारी २०११ मध्ये मोटोरोलाच्या झूम या टॅब्लेटद्वारे ती अमेरिकेत ग्राहकांपर्यंत पोहोचली. त्यानंतर सॅमसंग, एसर, आसुस आदी मोठ्या उत्पादकांचे टॅब्लेटही आले.

मार्च २०११ च्या अखेरीस गूगलने स्पष्ट केले की, हनीकोंबचा सोर्स कोड नजीकच्या काळात प्रसिद्ध केला जाणार नाही. टॅब्लेट वेळेत बाजारात आणण्यासाठी रचनेत काही तडजोडी कराव्या लागल्या असून, भ्रमणध्वनीच्या दृष्टीने आवश्यक असलेले काम अपुरे राहिले आहे, असे कारण देण्यात आले. सोर्स कोड खुला केल्यास कोणीही तो भ्रमणध्वनी संचावर बसवील, तो नीट चालणार नाही आणि ग्राहकाचा अनुभव बिघडेल, अशी भीती त्यामागे होती.

हा युक्तिवाद सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. २०१० मध्ये काही उत्पादकांनी भ्रमणध्वनीसाठी असलेली २.२ ही आवृत्ती टॅब्लेटवर बसवून विकली होती. अपुऱ्या कामामुळे संपूर्ण प्रणालीचे नाव खराब होते, हा गूगलचा अनुभव होता. परंतु या निर्णयातून एक विषमता निर्माण झाली. ज्या मोठ्या उत्पादकांचे गूगलशी करार होते, त्यांना हनीकोंब मिळत होती. ज्यांचे असे करार नव्हते, असे लहान उत्पादक, विद्यापीठे व स्वतंत्र अभ्यासक यांना मात्र जुन्या आवृत्तीवरच थांबावे लागले.

४. निर्णय कायदेशीर कसा ठरला?

मुक्त स्रोत प्रणालीचा निर्माता सोर्स कोड रोखून कसा धरू शकतो, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर परवान्यांच्या स्वरूपात आहे. अँड्रॉइडचा गाभा असलेले लिनक्स कर्नल जीपीएल २ या परवान्याखाली येते. या परवान्यानुसार, जो कोणी बदललेली प्रणाली इतरांना वितरित करतो, त्याने तिचा सोर्स कोडही उपलब्ध करून देणे बंधनकारक असते. त्यामुळे हनीकोंबमधील कर्नल व जीपीएलखालील अन्य भाग प्रसिद्ध करावेच लागले.

कर्नलच्या वरचा बहुतांश भाग मात्र अपाचे २.० या परवान्याखाली आहे. हा परवाना अधिक उदार आहे. तो घेणाऱ्याला वापराची व बदलाची मोकळीक देतो, पण बदललेला कोड प्रसिद्ध करण्याचे बंधन घालत नाही. उत्पादकांना आपापले बदल गुप्त ठेवता यावेत आणि त्यांनी ही प्रणाली निःसंकोच स्वीकारावी, या हेतूने गूगलने हा परवाना निवडला होता. उत्पादकांना दिलेली हीच सवलत २०११ मध्ये गूगलने स्वतः वापरली. याचा अर्थ असा की, परवान्याच्या अक्षराचा भंग झाला नव्हता. भंग झाला होता तो रूढ झालेल्या अपेक्षेचा.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर २०११ मध्ये ब्रिटनमधील गार्डियन या वृत्तपत्रातील लेखात नेमके या बाबीवर बोट ठेवले. ज्या आवृत्तीचा सोर्स कोड प्रसिद्ध झालेला नाही ती मुक्त सॉफ्टवेअर ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

५. प्रतीक्षेचा काळ

मे २०११ मध्ये गूगलच्या वार्षिक परिषदेत आइस्क्रीम सँडविचची पूर्वघोषणा झाली. भ्रमणध्वनी व टॅब्लेट या दोहोंसाठी एकच आवृत्ती असेल आणि तिचा सोर्स कोड प्रसिद्ध केला जाईल, असे आश्वासन देण्यात आले. पुढील सहा महिने मुक्त स्रोताचे अभ्यासक या आश्वासनाकडे डोळे लावून बसले होते.

या काळात साशंकता वाढविणाऱ्या काही घटना घडल्या. जुलै २०११ मध्ये व्हिजनमोबाइल या संस्थेने आठ मुक्त स्रोत प्रकल्पांच्या कारभाराचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात एक्लिप्स प्रकल्पाला ८४ टक्के, लिनक्सला ७१ टक्के, तर अँड्रॉइडला सर्वांत कमी म्हणजे २३ टक्के गुण मिळाले. १५ ऑगस्ट रोजी गूगलने मोटोरोला मोबिलिटी ही कंपनी १२.५ अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. प्रणालीचा निर्माताच संचांचा उत्पादक होणार असेल, तर इतर उत्पादकांना समान वागणूक मिळेल काय, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस लिनक्स कर्नलच्या मुख्य संकेतस्थळावर घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले आणि अँड्रॉइडचा तेथे ठेवलेला जुना सोर्स कोडही काही आठवडे मिळेनासा झाला. हा निव्वळ अपघात होता. तरीही सोर्स कोड एकाच ठिकाणी असणे किती धोक्याचे असते, याचा धडा त्यातून मिळाला.

१९ ऑक्टोबर २०११ रोजी हाँगकाँग येथे आइस्क्रीम सँडविचचे अनावरण झाले आणि १४ नोव्हेंबर रोजी तिचा सोर्स कोड प्रसिद्ध करण्यात आला. दिलेला शब्द गूगलने पाळला. त्या भांडारात हनीकोंबच्या कामाचा इतिहासही होता; परंतु हनीकोंब म्हणून तो स्वतंत्रपणे चिन्हांकित करण्यात आला नाही. सुमारे पावणेनऊ महिने बाजारात असलेली आवृत्ती अशा रीतीने स्वतंत्र ओळख न मिळता खुली झाली.

या रिक्त काळाच्या खुणा आजही दिसतात. स्वयंसेवकांनी चालविलेल्या सायनोजेनमॉड या प्रकल्पाची सातवी आवृत्ती जिंजरब्रेडवर व नववी आइस्क्रीम सँडविचवर आधारलेली होती. आठवी आवृत्ती निघालीच नाही, कारण तिला आधार असलेला सोर्स कोड उपलब्ध नव्हता. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०११ मध्ये विक्रीस आणलेला किंडल फायर हा टॅब्लेटही टॅब्लेटसाठी रचलेल्या हनीकोंबवर नव्हता. तो जिंजरब्रेडवर बेतलेला होता.

६. खुलेपणाचे चार स्तर

या घटनाक्रमावरून असे दिसते की, ‘अँड्रॉइड मुक्त आहे काय’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे एकशब्दी उत्तर देता येत नाही. त्यासाठी पुढील चार स्तरांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

अ) परवान्याचा स्तर : प्रसिद्ध झालेला कोड कोणीही वापरू व बदलू शकतो काय? या स्तरावर अँड्रॉइड निःसंशय मुक्त आहे.

ब) कालावधीचा स्तर : कोड केव्हा प्रसिद्ध होतो? आवृत्ती बाजारात आल्यानंतर अनेक महिन्यांनी मिळालेला कोड अभ्यासाला उपयोगी पडतो, पण स्पर्धेला नाही. हनीकोंबच्या बाबतीत याच स्तरावर उणीव राहिली.

क) निर्णयप्रक्रियेचा स्तर : प्रणालीची दिशा कोण ठरवितो? लिनक्स कर्नलचे काम सर्वांसमक्ष चालते. प्रस्तावित बदलावर जाहीर चर्चा होते. अँड्रॉइडच्या पुढील आवृत्तीचे महत्त्वाचे निर्णय प्रारंभापासून गूगलच्या अंतर्गतच होत आले आहेत.

ड) संलग्न सेवांचा स्तर : अनुप्रयोगांचे दुकान, नकाशे, ईमेल या सेवा मुक्त कोडचा भाग नाहीत. त्यांच्यासाठी गूगलशी स्वतंत्र करार करावा लागतो. २००९ मध्ये या अनुप्रयोगांच्या वितरणाबाबत सायनोजेनमॉडला गूगलकडून कायदेशीर सूचना मिळाली होती. २०१२ मध्ये अलीबाबाच्या अलियुन प्रणालीवरील संचाचे अनावरण एसर कंपनीला गूगलच्या आक्षेपामुळे ऐनवेळी रद्द करावे लागले.

यांपैकी चौथा स्तर सर्वांत निर्णायक ठरला. उत्पादकाला कोड मिळाला, पण दुकान मिळाले नाही, तर त्याचा संच ग्राहक घेत नाही. याच मुद्द्यावरून युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड केला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो ४.१२५ अब्ज युरोपर्यंत कमी केला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपीलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले. दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातील उत्पादकांना आपले अनुप्रयोग सुटे घेण्याची मुभा देण्याचे जाहीर केले.

७. भारतीय शिक्षणक्षेत्र व मराठी भाषा

हा प्रश्न केवळ परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेचा आहे, असे मानणे योग्य ठरणार नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी, म्हणजे हनीकोंबचा कोड बंद असण्याच्या काळातच, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते विद्यार्थ्यांसाठीच्या आकाश या स्वस्त टॅब्लेटचे अनावरण झाले. त्यात अँड्रॉइडची २.२ ही भ्रमणध्वनीसाठीची आवृत्ती होती. पुढे या प्रकल्पाची जबाबदारी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये सादर झालेला आकाश २ हा टॅब्लेट ४.० आवृत्तीवर चालत होता. आकाशच्या मर्यादांची कारणे अनेक होती, त्या सर्वांचे खापर एका सोर्स कोडवर फोडता येणार नाही. तथापि कमी किमतीच्या शैक्षणिक उपकरणाला कोणती प्रणाली मिळते, हे प्रसिद्ध झालेल्या कोडवर किती अवलंबून असते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

दुसरा मुद्दा लिपीचा आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर मराठी मजकुराच्या जागी अनेकदा रिकामे चौकोन दिसत. काही संचांवर अक्षरे दिसली तरी जोडाक्षरे तुटत आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडे. ४.० आवृत्तीपासून देवनागरीचा आधार मूळ प्रणालीतच उपलब्ध झाला. सोर्स कोड खुला असल्यास अशी उणीव दूर करण्यासाठी भाषेचा जाणकार निर्मात्याच्या मर्जीची वाट पाहत बसत नाही; तो स्वतः दुरुस्ती करू शकतो. लहान बाजारपेठ असलेल्या भाषांच्या दृष्टीने खुलेपणाचे खरे मूल्य येथे आहे. ज्या भाषेच्या वापरातून कंपनीला मोठा नफा नाही, तिच्या दुरुस्त्या कंपनीच्या यादीत शेवटी येतात.

८. सद्यःस्थिती

२०११ चा प्रश्न आज नव्या रूपात उभा आहे. मार्च २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या विकासाचे सर्व काम अंतर्गत शाखेत हलविण्याचे जाहीर केले. आवृत्ती प्रसिद्ध झाल्यानंतर कोड दिला जाईल, हे आश्वासन कायम ठेवण्यात आले. मात्र काम चालू असताना ते पाहण्याची जी अंशतः सोय होती, ती संपली. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ चा कोड प्रसिद्ध झाला, तेव्हा गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल संचांसाठी पूर्वी दिली जाणारी उपकरणविषयक माहिती त्यात नव्हती. त्यामुळे स्वयंसेवी प्रकल्पांचे काम अवघड झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये, प्रमाणित संचांवर अनुप्रयोग बसवायचा असल्यास त्याच्या विकसकाने गूगलकडे ओळख पटविणे आवश्यक करण्याची योजना जाहीर झाली. ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या देशांत सप्टेंबर २०२६ पासून ती लागू करण्याचे ठरविण्यात आले. फसवणुकीला आळा घालणे हा या योजनेचा घोषित हेतू आहे. एफ-ड्रॉइड या मुक्त अनुप्रयोगांच्या भांडाराने मात्र तिला विरोध दर्शविला.

या प्रत्येक निर्णयामागे गुणवत्ता वा सुरक्षितता असे कारण दिले गेले आहे आणि ते पूर्णतः खोटे नाही. हनीकोंबच्या वेळीही तसेच होते. तथापि कारण योग्य असले तरी निर्णय घेणारा एकच पक्ष असतो आणि परिणाम भोगणारे अनेक, हे साम्य दुर्लक्षिता येत नाही.

९. निष्कर्ष

१) सोर्स कोड उदार परवान्याखाली असणे हे खुलेपणाचे आवश्यक अंग आहे, परंतु ते पुरेसे नाही.

२) अपाचेसारख्या परवान्याखालील प्रणालीच्या पुढील आवृत्त्या खुल्या राहतीलच याची कायदेशीर हमी नसते. जी हमी असते ती निर्मात्याच्या शब्दाची. प्रसिद्ध झालेला कोड मात्र परत घेता येत नाही, ही या परवान्याची जमेची बाजू आहे.

३) एखाद्या आवृत्तीच्या खुलेपणाचे मूल्यमापन करताना कोड मिळतो काय, याबरोबरच तो केव्हा मिळतो, निर्णय कोण घेतो व संलग्न सेवा कोणाच्या हाती आहेत, हे प्रश्नही विचारले पाहिजेत.

४) महाविद्यालये व शासकीय संस्था यांनी टॅब्लेट वा भ्रमणध्वनीवर आधारित शैक्षणिक योजना आखताना या चार स्तरांची पडताळणी करणे हिताचे ठरेल. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात परवान्यांचा अभ्यास केवळ व्याख्येपुरता न ठेवता हनीकोंबसारख्या प्रत्यक्ष प्रकरणांच्या आधारे शिकविल्यास विद्यार्थ्यांना ‘मुक्त’ या शब्दाचा नेमका अर्थ उमगेल.

१०. समारोप

आइस्क्रीम सँडविचचा कोड अखेर प्रसिद्ध झाला आणि २०११ मधील भीती त्या वेळेपुरती निवळली. परंतु त्या पावणेनऊ महिन्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. दार उघडे असणे ही एक बाब झाली आणि त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे ही दुसरी. अँड्रॉइडचे दार पुष्कळ काळ उघडे राहिले आणि त्यातून जगभरातील उत्पादक, अभ्यासक व भाषाप्रेमी यांनी मोठे कार्य उभे केले. किल्ली मात्र प्रारंभापासून एकाच हाती होती आणि आजही ती तेथेच आहे.